रिकाम्या गाडीचं वजन

"ज्या गाडीत मानूस मेला ना व, तिच्या पट्ट्याचे इळे करजो. गाडीले नोको लावजो. इळा कोनाचंच वझं नाई उचलत."

शांताबाईंचं हे बोलणं मंजूच्या कानात आजही जसंच्या तसं आहे. सासू गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं. पण हे बोलणं काही गेलं नाही.

आणि ते कानात घुमत असतानाच मंजूनं घण उचलला होता.

हे घडलेलं आहे. मंजू माझी मावसबहीण. सकाळी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला आणि मगच मी लिहायला बसले. खोटं लिहून तो दिवा विटाळायचा नाही मला. कुणाला विश्वास ठेवायचा नसेल तर त्यानं ठेवू नये. मला तर वाटतं, नाही ठेवता आला तर बरंच.

गोष्ट बालाघाटची, मागच्या पौषातली. गोंदिया रोडला, वस्ती विरळ होते तिथं, पुनारामचं कमानीचं दुकान आहे. पुनाराम म्हणजे मंजूचा नवरा. लोहाराचं घर. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, वरचा पट्टा लांब, खालचे आखूड होत गेलेले, सगळे धनुष्यासारखे वाकलेले. तीच कमान. गाडीतला सगळा माल तिच्यावर बसतो. भार झेलून झेलून पट्टे सरळ होतात, तडकतात. मग ते भट्टीत लाल करायचे आणि ऐरणीवर ठेवून पुन्हा वाकवायचे. पुनाराम सांडशीनं पट्टा धरतो. घण मारते मंजू. त्यांच्या घरात ते बायकांचंच काम. सासूनंही जन्मभर तेच केलं.

त्या दिवशी दिवेलागणीला मोहितचा ट्रक दुकानापुढे येऊन थांबला. एका कुशीवर कललेला.

मोहित मंजूचा धाकटा भाऊ. आई-बाप लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला. लग्न होऊन आली तेव्हा त्यालाही सोबत घेऊन आली होती. पुढे तो किरनापूरला राहायला लागला, स्वतःची गाडी घेतली. लग्न अजून व्हायचं होतं. मंजूला माहेर म्हणून हा एवढा एकच माणूस.

"काय गा साळेसाहेब, गाडी लंगडून राह्यली का तुही?" पुनाराम आतूनच ओरडला.

"तुमच्याच हातची कमान होय, भाऊजी. गॅरंटी कुठं गेली?"

"इथं मानसाची गॅरंटी नाई, पट्ट्याची कुठून देऊ?"

मंजूनं पाण्याचा लोटा पुढे केला. "जेवला का रे?"

"मंग जेवतो, बाई. आधी गाडी पाहू."

पुनाराम गाडीखाली शिरला. बराच वेळ बॅटरी इकडून तिकडे फिरत राहिली. बाहेर आला तेव्हा तोंड वाकडं.

"मेन पट्टा तुटला. बाकीचे पार सीधे झाले. बुश घासले. सीधी बात सांगतो मोहित, पुरा सेट नवा टाक. याच्यात जीव नाई राह्यला."

"हाय का नवा सेट तुमच्याकडे?"

"बालाघाटात कोनाकडेच नाई. गोंदियावरून मागवा लागन. दोन-चार रोज."

"मंग माहा नंबर जाते ना!" मोहित कळवळला.

त्याचंही खरं होतं. धान खरेदीचे दिवस. केंद्राबाहेर ट्रकांची रांग, पोती उघड्यावर पडलेली, वर ढगाळलेलं आभाळ. एकदा नंबर हुकला की पुन्हा रांगेच्या शेवटी.

"आहे तेच बनवून द्या, भाऊजी. कमान चढवा. मेन पट्टा तेवढा नवा टाका."

पुनारामनं मान हलवली. "तसं नाई जमत. नवा एकटा ताठ राह्यते, बाकीचे थकेल. सारा भार त्या एकट्यावरच पडन अन् रस्त्यातच तुटन. नवं टाकाचं तर सारंच नवं. नाई तं जुन्याले जुनाच पट्टा पायजे."

बोलता बोलता त्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली.

मंजूचीही गेली.

भिंतीला टेकून... एक पट्टा उभा होता. मधोमध चुन्याची आडवी रेघ. शांताबाईंच्या हातची.

"तो नाई," मंजू म्हणाली.

तो डोमाजीच्या गाडीचा होता. डोमाजी खैरलांजीकडचा ड्रायव्हर. बैहरच्या घाटात त्याची गाडी उलटली आणि मागची धानाची पोती केबिनवर आली. पोती उपसून त्याला काढलं तेव्हा अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. नुसता दबून गेला होता. गाडी भंगारात निघाली, कमान पुनारामनं आणली. शांताबाईंनी एकेक पट्टा तोडून त्याचे विळे केले. हा शेवटचा राहिला, आणि म्हातारीनं अंथरूण धरलं ते धरलंच.

"माप बराबर बसते," पुनाराम हळूच म्हणाला.

"आई सांगून गेली हाय ना तुमची."

"आईनं तं मले दारू नोको पिऊ, हे बी सांगतलं होतं."

मोहित खो खो हसला. "बाई, तू बी आता बुढीवानी बोलून राह्यली. लोखंडाले काय मालूम, कोन मेला अन् कोन जगला?"

"रांगेत मागं लाग. दोन रोज इथंच राह्य. मी हात जोडतो तुले," मंजू म्हणाली.

मोहितनं तिचे जोडलेले हात धरले. "एवढा सीझन निघू दे. मंग पुरा सेट नवा टाकतो. तुही शप्पत, बाई."

लहानपणी जत्रेत पाळण्यात बसायचं असलं की तो असाच हात धरायचा.

मंजूनं पदर खोचला. घण उचलला.

भट्टी फुलली. पट्टा आधी जांभळा झाला, मग लाल. टोकापासून टोकापर्यंत.

मधली एक जागा सोडून...

तळहाताएवढी. काळीच्या काळी.

पुनारामनं पट्टा उलटवला, कोळसा आणखी ओढला, पंख्याचा वारा वाढवला. बाजूचं लोखंड पांढरं पडायला आलं. ती जागा तशीच.

"हवा लागून राह्यली आसन," तो पुटपुटला आणि पट्टा ऐरणीवर घेतला. "मार."

मंजूनं घण घातला.

तापल्या लोखंडावर घण पडला की कसा आवाज येतो, हे तिला झोपेतही कळतं. त्यात एक झंकार असतो, मनगटापर्यंत येणारा.

तो आलाच नाही.

आला तो... भरल्या पोत्यावर काठी मारावी तसा. भद्द.

"आयकलं का तुमी?"

"पट्टा थंडा होऊन राह्यला. मार तू."

भद्द. भद्द. भद्द.

ज्या पट्ट्याला चार-चारदा भट्टी दाखवावी लागते, तो एका तावात वाकला. जणू वाकायची वाटच पाहत होता.

कमान बांधून झाली, बोल्ट आवळले, जॅक उतरवला. नवी चढवलेली कमान असली की रिकामी गाडी कशी छाती काढून उभी राहते. तशीच राहिली. मोहितनं टाळी वाजवली.

आणि मग... कुर्रर्र...

मागून, डाव्या अंगानं, गाडी हळूच खाली बसली. फाळक्यावर पाय देऊन कुणी वर चढल्यासारखी.

तिघंही खालीच उभे होते.

मंजूनं टाचा उंचावून हौद्यात पाहिलं. रिकाम्या फळ्या. कोपऱ्यात गुंडाळलेली ताडपत्री. बस.

"बसते जराशी पयले पयले," पुनाराम म्हणाला. पण मंजूकडे न पाहता म्हणाला.

कमान बसते, हे मंजूलाही ठाऊक होतं. पण ती मालानं बसते. गाडीत माल कुठं होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहितचा फोन आला. हसत होता.

राईस मिलच्या काट्यावर आधी रिकाम्या गाडीचं वजन होतं. धुकं होतं. काट्यावरच्या मुनीमानं खिडकीतून डोकं काढून हाक दिली, "अरे भाई, आदमी को उतार, फिर काँटे पे चढ़ा!"

"कौन सा आदमी?"

"मैं क्या जानूँ? गाड़ी एक आदमी भर ज़्यादा बता रही है. पीछे किसको छुपाया है?"

मोहितनं फाळका पाडून दाखवला. मुनीम खाली उतरला, हौद्यात वाकून पाहिलं, गाडीखाली पाहिलं. पुन्हा वजन केलं. तेवढंच.

"बाई, तो तुहा डोमाजी फुकटात फिरून राह्यला माह्या गाडीत!" मोहित फोनवर म्हणाला.

मंजू हसली नाही. तिनं तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला तेव्हा एक वात जास्तीची घातली. कुणासाठी, ते तिलाही सांगता येईना.

पुढच्या खेपेला काट्यावर एक माणूस आणि एक पोतं भरलं. मुनीम म्हणाला, "मिट्टी पड़ी है क्या?" मोहितनं हौदा झाडून घेतला.

त्यापुढच्या खेपेला आणखी जास्त.

मग मोहितचे फोन कमी झाले. आले तरी हसणं नसायचं.

एका दुपारी तो दुकानात येऊन नुसताच बसला. दाढी वाढलेली. मंजूनं भात वाढला तर बोटानं शितं इकडून तिकडे करत राहिला.

"बाई, रिकामी गाडी कशी चालते, मालूम हाय ना तुले?"

"खडखडत."

"हौ. फाळके वाजते, साखळ्या वाजते. दोन गावं आधी कळते का रिकामी गाडी येऊन राह्यली." त्यानं ताट सरकवलं. "माही वाजतच नाई आता."

मंजू त्याच्याजवळ खाली बसली.

"चूप चालते. भरल्या गाडीवानी. उतारावर बिरेक धरत नाई. चढावर पयल्या गेअरात टाका लागते. मांगं पाह्यलं तं काईच नाई." त्याचा आवाज बारीक झाला. "गाडी भरत चालली हाय, बाई. रोज थोडी थोडी. त्या डोमाजीच्या गाडीत किती पोते होते व?"

"नोको इचारू," मंजू म्हणाली. आणि उठून नवऱ्यासमोर उभी राहिली. "आत्ताच्या आत्ता खोला ते."

पुनारामनं पाना उचलला. नवा सेट गोंदियाहून एव्हाना आलाच होता. बोल्ट निघाले, बाकीचे पट्टे खाली पडले. तो पट्टा पडला नाही. वर काहीच धरलेलं नसताना... चिकटून राहिला. पहार घालून काढावा लागला.

"आता तरी इळे करू याचे," मंजू म्हणाली.

भट्टी पेटवली. होता नव्हता तो कोळसा ओतला. कडेची वीट लाल झाली.

पट्टा काळाच. या वेळी पूर्ण काळा.

मंजूनं हात जवळ नेला. भट्टीतून नुकताच काढलेला तो पट्टा... गार होता. विहिरीच्या दगडासारखा.

नदीत टाकायचं ठरलं. मंजूनं बजावलं, "दोर बांधा अन् दोरानंच ओढत न्या. आई असं लोखंड कवाच खांद्यावर नव्हती घेऊ देत. ओढत आना म्हने."

वारासिवनी रोडला वैनगंगेचा पूल आहे. भर दुपार, गाड्यांची ये-जा. पुनाराम आपली छोटी गाडी कडेला लावायला जागा शोधत होता, मंजू दोराची गाठ सोडवत होती. मागून एक बस हॉर्न देत आली. आणि मोहितनं, होताच त्याचा उतावळा स्वभाव, पट्टा उचलून सरळ खांद्यावर घेतला.

"मोहित!"

तोवर तो कठड्यापाशी पोचला होता. दोन्ही हातांनी फेकला.

तिघांनीही वाकून पाहिलं.

आवाज आला नाही...

पाण्याचा साधा तरंगही उठला नाही. खाली नदी जशी होती तशीच. पट्टा पुलाखाली गेला आणि कुठंच पोचला नाही.

मोहित खांदा चोळत होता. चेहऱ्यावर नवल.

"हलका होता, बाई. एकदम हलका. जसा काई नव्हताच."

नवा सेट बसवला. दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन बरोबर आलं, गाडीच्या दारावर रंगवलं होतं तेवढंच. मोहितनं गाडी चालवता चालवताच फोन लावला.

"आयक! आयकून राह्यली का?"

फोनमधून खडखड ऐकू येत होती. फाळक्यांची, साखळ्यांची, रिकाम्या फळ्यांची. मंजू फोन कानाला लावून रडली. इतका गोड आवाज आपण जन्मात ऐकला नव्हता, असं तिनं मला नंतर सांगितलं.

त्याच संध्याकाळी तो जेवायला आला. मंजूनं त्याच्या आवडीची आंबील केली होती. अंगणात सुतळीची खाट टाकलेली होती. "साळेसाहेब, आता पार्टी कवा देता?" पुनारामनं विचारलं. "भाऊजी, आधी पोरगी तं पाहा माह्यासाठी," असं म्हणत मोहित खाटेवर बसला.

कुर्रर्र...

सुतळी ताणली गेली. खाली आली. आणखी खाली आली. आणि जमिनीला टेकली.

मोहित अंगानं काडीसारखा. त्या खाटेवर पुनाराम आणि त्याचे दोन मित्र एकदम बसायचे, तेव्हाही ती अशी टेकली नव्हती.

मोहितनं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी ताप चढला की पाहायचा तसं.

मग मंजूनं डोमाजीचं घर शोधलं. बसनं खैरलांजीला, तिथून पुढे एकाच्या दुचाकीवर मागे बसून. त्याची बायको जिजाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, समोर मेणबत्ती. तिनं मंजूचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. फक्त सूप थांबलं.

"मीनं सारं केलं, बाई," ती म्हणाली. "वंदना झाली, भन्तेजी आले, गावाले जेवन देल्लं. त्यानं कोनाचं वाईट नाई केलं कवा. जीव लावनारा मानूस होता."

"मंग माह्या भावाले काहून धरलं त्यानं?"

जिजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. म्हणूनच मंजूला जास्त भीती वाटली.

"त्यानं नाई धरलं कोनाले. त्यालेच धरेल हाय. वझं खाली ठेवता येऊन नाई राह्यलं त्याले. मंग मानूस काय करते? जो जवळ आला त्याच्या अंगावर देते."

"कसं उतरन मंग ते? सांगा ना मावशी. पाया पडतो."

"मले मालूम असतं," जिजाबाई म्हणाली, "तं मीनं माह्या मानसाचं नसतं का उतरवलं?"

निघताना तिनं मंजूच्या पिशवीत ओंजळभर तांदूळ घातले. सवाष्ण रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. बसमध्ये मंजूला ते ओंजळभर तांदूळ मांडीवर जड लागत होते.

मोहितला तिनं आपल्याकडेच आणून ठेवलं. खाटेवर झोपणं बंद झालं, जमिनीवर सतरंजी. दवाखाने झाले. फोटो काढले, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं चांगली, हृदय चांगलं, अशक्तपणा आहे. मंजूनं उपास धरले, नवस बोलली, दर्ग्यावर गेली, देवीला गेली. तांदळाचा दाणा सोडला. ती मला म्हणाली, "मी सारं सोडलं व, पन त्याचं काई सुटेच ना."

तो वाळत गेला. हात काटक्या झाले. आणि तरीही... कूस बदलायला दोघं पुरेनासे झाले.

"बाई, कोनी छातीवर पोतं ठेवून राह्यलं," तो पुटपुटायचा. "एक झालं का दुसरं. थप्पी लावल्यावानी. जोरानं नाई ठेवत. हळूच ठेवते."

एकदा पुनारामनं त्याला टेकून बसवायचं म्हणून त्याच्या काखेखाली आपला खांदा घातला.

"नोको, भाऊजी!" मोहित किंचाळला.

पुनाराम तिथंच गुडघ्यावर आला. लोखंड उचलण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्याचा चेहरा पांढराफटक. कसाबसा खांदा काढून घेतला आणि भिंतीला टेकून श्वास घेत राहिला. त्याचा तो खांदा आजही थोडा खाली आहे.

तेव्हा मोहितला कळलं. मंजूला तर खाट टेकली तेव्हाच कळलं होतं.

पुनाराम बाहेर गेल्यावर मोहितनं बहिणीला जवळ बोलावलं.

"बाई, मी खांद्यावर घेतलं म्हून हे माह्यावर आलं. मी गेलो का चार जन येतीन. खांदा देतीन."

"गप राह्य. काई नाई होत तुले."

"आयक ना. ज्यानं खांदा देल्ला त्याच्यावर जाईन हे. सारे माह्ये दोस्त हायेत. लेकरंबाळंवाले." श्वास घ्यायला तो थांबला. खूप वेळ थांबला. "मले कोनाच्या खांद्यावर नोको जाऊ देजो. वचन दे."

मंजूनं त्याचा हात हातात घेतला. हात उचलला जाईना, म्हणून तिनंच खाली वाकून आपलं कपाळ त्या हातावर ठेवलं.

"देल्लं," ती म्हणाली.

हे सगळं का झालं, मला ठाऊक नाही. ज्यांना म्हणून विचारलं त्यांनी वेगवेगळं सांगितलं. कुणी म्हणालं पट्टा, कुणी म्हणालं छातीचा काही आजार, जो मशीनमध्ये दिसत नाही. मी वाद घालत नाही. रोज दिव्यापाशी बसून मी मंजूचं नाव घेते. आणि नाव घेतलं की जोडलेले हात थोडे जड वाटतात... मनाचे खेळ असतील. असोत.

मोहित पहाटे गेला. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. तोंडावर मात्र अवघडलेपण, शेवटपर्यंत काहीतरी सावरून धरल्यासारखं.

उजाडता उजाडता माणसं जमली. त्याचे ड्रायव्हर दोस्त किरनापूरहून आले, तिरोडीहून आले. कुणी बांबू आणले, कुणी कडबा. चौघांनी खांद्यावर दुपट्टे ठेवले.

मंजू दारात आडवी उभी राहिली.

"कोनी खांदा नाई देनार."

"पागल झाली का व तू?" शेजारची म्हातारी म्हणाली. "बिना खांद्याचं कुठं नेते मानसाले? जनावर होय का?"

"ताई, हमारा भाई था वो," एक जण रडत म्हणाला आणि पुढे झाला. मंजूनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं. हळूच. तिचा आवाज चढलाच नाही.

तिनं दुकानातला लाकडी ठेला दाराशी आणला. कमानी वाहायचा, जाड चाकांचा. फळी तिरपी लावली. सतरंजीची दोन टोकं मुठीत धरली आणि भावाला एकटीनं, इंच इंच, वर ओढून घेतलं. कितीदा तरी मध्येच थांबली. पुनाराम पुढे आला तर मान हलवून त्याला थांबवलं.

"तुमी सारे मांगून या. विस्तव धरा. ठेल्याले कोनी हात नोको लावजा."

ठेल्याची चाकं मातीत रुतली होती. तिथली जमीन कोरडी, दगडासारखी कडक होती.

मंजूनं मोहितच्या तोंडावरचं कापड सारखं केलं. ठेल्याचा दोर उचलला. क्षणभर हातात तोलला. मग पदर चापून बसवला आणि तो दोर... स्वतःच्या खांद्यावर घेतला.

रस्त्यावर धुकं होतं. मागे माणसं विस्तव धरून उभी होती.

ती वाकली. पाय रोवले.

कुर्रर्र...

ठेला हलला, आणि ती मोक्षधामाच्या रस्त्याला लागली.